साडी कशी निघाली?

पंधरा-सोळा वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारायचा पगार घेतला. प्रश्न होता, "साडी कशी निघाली?" हे सांगितलं की लोक हसतात. माझी बायको माहेरी 'आमचे हे कारकून आहेत' एवढंच सांगायची. नवरा विचारायचं काम करतो म्हणायला तिला कसंतरी वाटायचं. पण ते काम होतं, मी ते मन लावून केलं, आणि ते करता करताच एका माणसाचं असं नुकसान केलं की ते भरून येण्यासारखं नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हा वाटलं, चार गमती लिहाव्या आणि मोकळं व्हावं. गमती लिहितोच. पण ते दुसरंही लिहितो, कारण ते सोडून लिहिणं म्हणजे पुन्हा तीच चूक करणं.

आमचं गाव नागभीडहून एसटीनं अर्ध्या तासावर. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, त्यापलीकडे जंगल. जंगलातल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर ढिवर लोक कोशाचे किडे वाढवतात, त्या कोशांचं सूत निघतं आणि गावातले कोष्टी त्याची साडी विणतात. कोशाच्या साडीला आमच्याकडे करवतकाठ असतो. काठाला करवतीसारखे दाते असतात, म्हणून करवतकाठ. हे दाते छापलेले नसतात, वरून भरलेलेही नसतात. मधल्या अंगाला एक धोटा आणि दोन बाजूंच्या काठांना दोन, असे तीन धोटे फेकत जायचं, आणि प्रत्येक दात्याला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून घ्यायचा. एक दाता हुकला की तो हुकला. नंतर दुरुस्ती नाही.

या विणकरांची एक संस्था होती आणि मी तिथला बाबू. आम्ही बौद्ध, माझे वडील लोकांच्या बांधीत रोवणी-कापणीला जायचे. मी टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालो तेवढ्या भांडवलावर ही नोकरी लागली. सगळे मला रामटेके बाबू म्हणत. आधी मी गिऱ्हाइकांना जोडकार्डं पाठवायचो. अर्ध्या कार्डावर आमचा प्रश्न, अर्धं त्यांच्या उत्तराला कोरं. शंभरातली पाच परत आली तर आनंद. पुढे दोन हजार सालानंतर पुण्या-बंगलोरच्या प्रदर्शनात लोक वहीत पत्त्याऐवजी ई-मेल लिहायला लागले. आमचे सचिव नागपूरला राहायचे. त्यांनी फर्मान काढलं की आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ई-मेलनं अभिप्राय विचारायचा.

संस्थेत संगणक आला, पण फोनची लाइन दोन शिंतोडे पडले की मरायची. म्हणून दर बुधवारी मी नागभीडला सलीमभाईच्या दुकानात जायचो. पुढे झेरॉक्स, मागे पडद्याआड दोन संगणक. तिथे बसून पत्रं पाठवायची आणि आलेली छापून घ्यायची. लाइट गेली की सलीमभाई चहा मागवायचा आणि म्हणायचा, एवढाच एक प्रश्न विचारायला दर हप्त्याला बसचं डिझेल काऊन जाळता?

एकच प्रश्न असला तरी विचारायचीही रीत असते. पार्सल पोचायच्या आधी विचारलं तर माणूस चिडतो. दोन महिन्यांनी विचारलं तर त्याला साडीच आठवत नाही. पोचल्यावर पंधरा दिवसांनी, म्हणजे एकदा नेसून झाल्यावर विचारायचं. 'आवडली का' असं विचारायचं नाही. लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. 'कुठे नेसलात, कोण काय म्हणालं' असं विचारलं की बायका पानभर लिहितात. आणि विणकराचं नाव पत्रात घालायचं. साडीच्या घडीत आम्ही विणकराच्या नावाची चिठ्ठी ठेवत असू. नाव असलं की लोक यंत्राला लिहिल्यासारखं न लिहिता माणसाला लिहिल्यासारखं लिहितात. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, ठेचा खात शिकलो.

ठेचा कशा, तर पुण्याच्या एका गृहस्थांनी प्रदर्शनात दोन साड्या घेतल्या होत्या. मी लिहिलं, दोन्ही साड्या कशा निघाल्या? उत्तर त्यांच्या बायकोचं आलं, एका ओळीत. घरी एकच आली आहे, दुसरीची चौकशी आम्हीही करत आहोत. तेव्हापासून मी पत्रात आकडा लिहिणं सोडलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी माझ्या इंग्रजीतल्या नऊ चुका काढून पत्र परत पाठवलं आणि साडीबद्दल सौभाग्यवती वेगळं लिहितील म्हणून कळवलं. त्यांनी लिहिलं नाही. एका बाईंनी विचारलं, कोशातला किडा मरतो का? मी लिहिलं, हो, मरतो. त्यांनी पुन्हा आमच्याकडून काही घेतलं नाही. सचिव माझ्यावर तडकले की एवढं खरं लिहायची काय गरज होती. मी मात्र मनातून खूश होतो. पाचशे कोसांवरच्या अनोळखी बाईला खरं सांगताना मला काही जड गेलं नव्हतं.

छापून आणलेली पत्रं शनिवारी वाचायची. शनिवार बाजाराचा दिवस, विणकर तयार साड्या द्यायला आणि सूत न्यायला यायचे. पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसायची आणि मी इंग्रजी पत्र बघून मराठीत सांगायचो. ज्याचं पत्र असेल तो ऐकताना खाली बघायचा, बाकीचे त्याच्याकडे बघायचे. कुणाची साडी लेकीच्या साखरपुड्याला नेसली, कुणाची विमानातून गेली, सगळं त्यांना हवं असायचं. नागभीडच्या पुढं न गेलेल्या माणसांना आपल्या हातची वस्तू कुठं कुठं जाऊन आली ते कळायचं. माझ्या नोकरीतला तेवढा एक तास मी आजही कशाशी बदलणार नाही.

त्या सतरंजीवर पहिल्या जागी सदाशिवभाऊ बसायचे. वय साठीच्या आसपास, अंगानं काटकुळे, बोलणं कमी. करवतकाठात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गावातले निम्मे विणकर त्यांच्याच मागावर शिकलेले. संस्थेत एक रिवाज होता. इतरांची साडी घेताना उलगडून, उजेडात धरून बघायची. सदाशिवभाऊंची घडी मोडायची नाही. वजन करायचं आणि ठेवून द्यायची. त्यांची साडी तपासणं म्हणजे त्यांचा अपमान. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण मी आलो त्याच्या आधीपासून होता आणि मीही तो पाळला.

येताना त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "बाबू, आपल्या नावचं पत्र आलं काय?"

बहुतेकदा आलेलं असायचं. वाचून झालं की ते कागद मागून घ्यायचे. इंग्रजी तर सोडाच, मराठीही त्यांना सहीपुरतीच यायची. पण कागद घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवायचे.

एका बुधवारी बंगलोरच्या एका बाईंचं पत्र आलं. या बाई जुन्या गिऱ्हाईक, सदाशिवभाऊंची एक साडी त्यांनी आधी घेतली होती आणि त्यांच्याच हातची म्हणून दुसरी मागवली होती. लिहिलं होतं की अंग सुरेख आहे, पण काठाचे दाते लहानमोठे आले आहेत आणि काही ठिकाणी दाताच नाही. पहिल्या साडीत असं नव्हतं. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. मी बसमध्ये ते पत्र तीनदा वाचलं. शनिवारी सदाशिवभाऊ समोर बसले, नेहमीचं विचारलं, आणि मी कागद हातात घेतला. पंचवीस-तीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या हाताखाली शिकलेले बघत होते. मी वाचलं, "बाई म्हणतात, अंग सुरेख आहे आणि काठ पहिल्या साडीसारखाच बारीक निघाला."

नंतर एकटे गाठून सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता पुढचं पत्र आलं. हे मुंबईचं. तक्रार तीच, काठाची. मग आणखी दोन. प्रत्येक वेळी अंग चांगलं आणि काठ बिघडलेला. प्रत्येक वेळी मी काठाची स्तुती करत गेलो, आणि खोटं बोलायची चटक अशी की दर वेळी ते थोडं जास्त नटवत गेलो. एकदा तर सांगितलं की तिकडे एका लग्नात बायकांनी काठ हातात घेऊन घेऊन पाहिला. सदाशिवभाऊ खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला बरं वाटलं, खोटं का सांगू.

सचिवांना मी कळवलं की थोडी तक्रार आहे, विणकराशी बोलतो. ते म्हणाले, बोला. विषय संपला.

त्या वर्षी धान कापून झाल्यावर तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं. त्याच्या दोन दिवस आधी सदाशिवभाऊंच्या पत्नी सुशीलाबाई संस्थेत आल्या. त्या कधी अशा एकट्या यायच्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या यायचं काही ठीक नाई, चौकटीले खांदा आदळते, ताटाच्या बाजूले ठेवलेला गिलास लवंडते, शिबिराले चला म्हटलं तं ऐकत नाई. तुमचं ऐकतीन, तुमी सांगा.

मी लगेच सायकल काढली. सदाशिवभाऊ मागावर होते, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून. मी शिबिराचं सांगितलं. नुसतं दाखवून यायला काय हरकत आहे, म्हटलं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, वयाच्या मानानं दिसते तेवढं दिसते. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते थांबले आणि कोनाड्यातल्या त्या डब्याकडे बोट केलं.

"बाबू, डोळे खराब असते तं काठ आला असता काय असा? तुमीच तं वाचून देलं. लगनातल्या बाया हातात घेऊन पाहून राह्यल्या होत्या म्हणून."

सुशीलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी खोटं वाचलं, भाऊ, काठ बिघडलाय. एवढंच. ते रागावले असते, महिनाभर बोलले नसते, पण शिबिराला गेले असते. मी म्हटलं, "तेही खरंच म्हणा," आणि चहा घेऊन परत आलो.

पुढच्या पावसाळ्यात ते बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली पडले. बाजूनं बैलगाडी येत होती ती त्यांना दिसलीच नव्हती. मग मात्र सुशीलाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच गेलो, इंग्रजी कागद वाचता येतात म्हणून. डॉक्टर तरुण होती, शांतपणे सांगत होती. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काचबिंदू आहे. यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते, आणि आता राखण्यासारखी फार उरलेली नाही. मी विचारलं, आधी कसं कळलं नाही? ती म्हणाली, कळत नाही लवकर. समोरचं नीट दिसत राहतं. या रोगात नजर कडेकडेनं जाते.

कडेकडेनं. मी तिथंच बाकावर बसलो. अंग सुरेख आणि काठ बिघडलेला. घरच्यांना कळलं नव्हतं, त्यांचं त्यांना कळलं नव्हतं, आणि बंगलोरला, मुंबईला बसलेल्या बायकांनी पत्रातून कळवलं होतं. एकदा नाही, चारदा. ती पत्रं ज्या एका माणसाला वाचता येत होती त्यानं ती वाचली नाहीत.

वर्षभरात त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसेनासं झालं. माग सुशीलाबाईंनी आणि सुनेनं चालवायला घेतला, साधा काठ विणायच्या. मी रोज ठरवायचो की जाऊन कबूल करावं. पाय उचलायचा नाही. मी इतका भित्रा असेन असं मला आधी वाटलं नव्हतं.

मग एका शनिवारी, सगळे गेल्यावर, सुशीलाबाई त्यांचा हात धरून त्यांना संस्थेत घेऊन आल्या. दुसऱ्या हातात तो पत्र्याचा डबा आणि एक साडी होती. नातीच्या लग्नासाठी म्हणून भाऊंनी शिबिराच्या वर्षी विणून पेटीत ठेवलेली. सदाशिवभाऊ सतरंजीवर आपल्या जागी बसले, साडी मांडीवर घेतली आणि काठावरून बोट फिरवत नेलं.

"इथी दाता नाई," ते म्हणाले. बोट पुढं सरकलं. "इथी बी नाई. हे दोन एकमेकांत घुसले." मग डबा माझ्याकडे सरकवला. "आता वाचा, बाबू. लिहून असन तसं."

मी सगळं वाचलं, नटवलेलं सोडून. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, पूर्वीसारखीच. शेवटी बंगलोरच्या बाईंचं पत्र उरलं, सगळ्यात पहिलं. ते वाचून मी थांबलो. त्यांना कसं कळलं कोण जाणे, म्हणाले, "पुढं?"

पुढं ती शेवटची ओळ होती. मी वाचली. "विणकरांची तब्येत बरी आहे ना? मला काळजी वाटली. कृपया कळवा."

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"म्हंजे त्या बाईनं विचारलं होतं," सदाशिवभाऊ म्हणाले.

"हो."

"मंग तुमी काय कळवलं?"

"काही नाही कळवलं, भाऊ."

मला वाटलं आता ते बोलतील. मी वाटही बघत होतो. चार शिव्या मिळाल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांना आश्चर्य वाटलं होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "लोकायले तुमी विचारता," ते हळूच म्हणाले, "तं ते जवाब देतेत. अन् त्यायनं विचारलं तं आपण काऊन नाई देलं?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला आणि म्हणाले, आता लिहा. मी लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत. बाई, डोळे गेले होते, मले समजलं नाई. काठ वाकडा आला, माफी असावी. आता मी विणत नाई. तुमी विचारलं, बरं वाटलं. बुधवारी सलीमभाईकडे बसून मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं. तीन वर्षं उशिरा. चुका निघाल्या असतील, प्राध्यापकांना विचारावं लागेल.

त्यानंतर संस्थेत दोन गोष्टी बदलल्या. कुणाचीही साडी, कितीही ज्येष्ठ असो, उलगडूनच घ्यायची. आणि पत्र आधी ज्याचं त्याला बाजूला बसवून वाचायचं, त्याची इच्छा असेल तर मग सगळ्यांसमोर. सचिवांना हा वेळेचा अपव्यय वाटला. वाटू दे.

बंगलोरहून उत्तर आलं नाही. बाईंनी पत्ता बदलला असेल, पत्र बघितलंच नसेल, त्यांचंही काही झालं असेल. मला कळायला मार्ग नव्हता. मी आणखी दोनदा पाठवलं. सदाशिवभाऊ दर शनिवारी सुनेचा हात धरून येत राहिले, आपल्या जागी बसून इतरांची पत्रं ऐकत राहिले. आणि येताना विचारायचे, बाबू, आपल्या नावचं पत्र आलं काय? मी म्हणायचो, नाई आलं, भाऊ. ते म्हणायचे, बरं.

असं किती शनिवार गेले याची गणती नाही. प्रत्येक शनिवारी मला मोह व्हायचा. दोन ओळी, छापायला दोन मिनिटं. तुमची साडी अजून नेसते, तुमची आठवण काढते. कुणाचं काय बिघडणार होतं? म्हातारा कान लाल करून घरी गेला असता. एकदा तर मी सलीमभाईकडे बसून पहिली ओळ टाइपही केली होती. मग पुसली आणि बस पकडली.

मी निवृत्त झालो तो शेवटचा दिवस शनिवार होता. हार-नारळ झालं, भाषणं झाली. सगळे उठले तसे सदाशिवभाऊ सुनेला थांबवून माझ्याकडे वळले. चेहरा माझ्या थोडा डावीकडे होता. म्हणाले, "बाबू, आज शेवटचं विचारतो. आपल्या नावचं पत्र आलं काय?"

"नाई आलं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "तुमी म्हंता तं नाईच आलं असन."